बारावीच्या आतच कॉलेज : रनिंग स्टार्ट, ड्युअल एनरोलमेंट आणि ‘सगळं ऑनलाइन’

मोरपीस (धागाकर्ती)

वॉशिंग्टन राज्यात राहणाऱ्यांना ‘रनिंग स्टार्ट’ नवीन नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगते. १९९० च्या कायद्याने आलेली ही योजना. अकरावी-बारावीतल्या मुलांनी हायस्कूलऐवजी कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) वर्ग करायचे, ट्यूशन राज्य भरतं, पुस्तकं, इतर फी आणि येण्याजाण्याचा खर्च आपला. कॉलेजचा ५ क्रेडिटचा कोर्स हायस्कूलच्या १ क्रेडिटबरोबर धरतात. म्हणजे हायस्कूलचं वर्षभराचं इंग्रजी एका क्वार्टरमध्ये, दहा-अकरा आठवड्यांत आटोपतं. सगळं जमवून आणलं तर हायस्कूलच्या डिप्लोम्याबरोबर असोसिएट डिग्रीही (कॉलेजची दोन वर्षांची पदवी, साधारण ९० क्रेडिट्स) हातात. मिनेसोटाने असाच कायदा १९८५ मध्येच केला होता आणि आता बहुतेक राज्यांत ड्युअल एनरोलमेंट, ड्युअल क्रेडिट अशा नावांनी हेच चालतं. २०२२-२३ मध्ये देशभरात जवळपास २५ लाख हायस्कूलच्या मुलांनी असा निदान एक तरी कोर्स केला.

लेक दहावीत आहे. त्यामुळे आमच्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात बटाटेवड्याची प्लेट हातात घेईपर्यंत कोणीतरी विचारतंच, “मग, रनिंग स्टार्टला टाकताय ना?” आणि त्यापाठोपाठ आजकाल एक सल्ला हमखास येतो : सगळं ऑनलाइन घ्या, असिंक्रोनस (ठरलेल्या वेळेचा वर्ग नाही, आपल्या सवडीने करायचे) घ्या, उन्हाळ्यात आठ आठवड्यांचे दाबून बसवलेले कोर्स घ्या, दोन वर्षांत ९० क्रेडिट्स आरामात होतात.

हा ‘आराम’ मला खटकतो. माझा आक्षेप योजनेला नाही. थोरल्याने तीच केली आणि त्याचा फायदाही झाला. पण त्याच्या दोन वर्षांत काही वर्ग कॉलेजात जाऊन झाले, काही स्क्रीनवर. दोन्हीत केवढा फरक होता ते घरात बसून दिसत होतं. ऑनलाइन इतिहासाच्या कोर्सात आठवड्याला एक पोस्ट लिहायची आणि दोन वर्गमित्रांच्या पोस्टवर उत्तर द्यायचं. सगळी मुलं रविवारी रात्री साडेअकराला बसायची, कारण मुदत ११:५९ ची. उत्तरं ठरलेली : तुझा मुद्दा आवडला, मलाही असंच वाटतं, आणि पुढे त्याचंच वाक्य फिरवून. प्राध्यापक म्हणजे कोपऱ्यातला एक गोल फोटो. ग्रेड उत्तम आली. त्याच क्वार्टरला राज्यशास्त्राचा वर्ग कॉलेजात होता. तिथे ग्रेड जरा कमी आली, पण चिरंजीव तीन महिने जेवणाच्या टेबलावर बापाशी भांडत होते. सुप्रीम कोर्ट, फिलिबस्टर, काय काय! इतिहासाच्या कोर्समधलं एक वाक्यही कधी जेवायला आलं नाही.

तर वय सोळा, अभ्यासक्रम दाबून छोटा केलेला आणि वर्ग फक्त स्क्रीनवर, हे तिन्ही एकत्र आलं की नेमकं काय हाती लागतं, यावर बोलू या. ज्यांनी केलंय, शिकवलंय, सोडून दिलंय, सगळ्यांनी लिहा. “आमच्या वेळी” वाले प्रतिसादही चालतील, पण छोटे.

बंड्या_बोका

वाचतोय. आठ आठवड्यांत कॅल्क्युलस म्हणजे साखरपुडा, लग्न आणि बारसं एकाच मांडवात.

शुगरलँडकर

टेक्ससमधून. आमच्याकडे चित्र थोडं वेगळं आहे, म्हणून लिहितो. इथे बरेचसे ड्युअल क्रेडिटचे वर्ग हायस्कूलच्या इमारतीतच होतात. शिकवणारे हायस्कूलचेच शिक्षक असतात, फक्त त्यांच्याकडे मास्टर्स आणि त्या विषयातले किमान १८ ग्रॅज्युएट क्रेडिट तास असावे लागतात. २०१५ मध्ये राज्याने किती कोर्स घ्यायचे आणि कितवीपासून घ्यायचे यावरची मर्यादाच काढून टाकली. २०२३ च्या कायद्यानंतर कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना सहभागी कॉलेजांत ते मोफतही झाले.

आमच्या दोन्ही मुलींनी घेतले. मोठीचं एक अख्खं वर्ष वाचलं. खर्चाचा हिशेब केला तर नावं ठेवायला जागा नाही. मोरपीस, तुमच्या लिखाणात थोडा ‘कष्टाशिवाय विद्या नाही’ असा सूर लागतोय. डिस्कशन बोर्डावर थातुरमातुर लिहिणारी मुलं वर्गातही मागच्या बाकावर बसून तेच करतात.

मोरपीस

@शुगरलँडकर, तुमच्या मुलींसमोर शिक्षक होते. माझा प्रश्न नेमका तो नसण्याबद्दल आहे. त्यामुळे आपण भांडत नाही आहोत. :)

खडूफळा

कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवतो, बरीच वर्षं. राज्य सांगत नाही. वर्गात आता कधीकधी निम्मी मुलं हायस्कूलची असतात. त्यातली काही माझी सर्वांत चांगली मुलं आहेत हे आधी नोंदवतो, नाहीतर पुढचं सगळं कुरकुर वाटेल.

आधी साधा गुणाकार. कॉलेजचा ढोबळ नियम असा की वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास अभ्यास. ५ क्रेडिटचा कोर्स म्हणजे वर्गातले ५ धरून आठवड्याला १५ तास. असे तीन घेतले की ४५, म्हणजे पूर्णवेळ नोकरीपेक्षा जास्त. तोच कोर्स निम्म्या आठवड्यांत बसवला की एका कोर्सचेच ३० तास होतात. माहिती सत्रांत पालकांना हा गुणाकार कोणी करून दाखवत नाही. मुलाला मात्र रोबोटिक्स, पोहणं, तबला, सगळं चालूच ठेवायचं असतं. मग वेळ कुठून येतो? समजून घेण्याच्या वाट्याचा.

आणि तो कापलेला वेळ झाकायला तंत्रज्ञान तयार असतं. ऑनलाइन गृहपाठाची जी व्यवस्था असते (बहुतेक कॉलेजांत प्रकाशकाचा अ‍ॅक्सेस कोड विकत घ्यावा लागतो, फुकट ट्यूशनवाल्यांनी तोही खर्च धरावा), तिथे एकच प्रश्न आकडे बदलून येतो. चुकलं की ‘असंच उदाहरण दाखवा’ असं बटण असतं. ते दाबलं की पायरी-पायरीने सोडवलेलं उदाहरण येतं, त्यात आपले आकडे घालायचे, हिरवी खूण. गृहपाठात शंभरपैकी शंभर. मुलाला प्रामाणिकपणे वाटतं की आपल्याला येतंय. आईवडिलांनाही वाटतं, कारण पोर्टलवर शंभर दिसतात.

मग ते मूल कॅल्क्युलसच्या दुसऱ्या कोर्सला माझ्यासमोर येतं. मी फळ्यावर एक डेफिनिट इंटिग्रल लिहितो, सब्स्टिट्यूशन करतो आणि विचारतो, आता मर्यादा का बदलायच्या? शांतता. बदलायच्या हे माहीत असतं, कारण त्या उदाहरणात तसंच होतं. चेन रूल उलटा वाचला की सब्स्टिट्यूशन मिळतं, हा दुवा कधी जुळलेलाच नसतो. दुवा जुळायला डोकं खाजवत बसावं लागतं आणि बटण त्या खाजवण्याच्या आधीच हजर असतं.

दुसरं. प्रत्यक्ष वर्गात मी चेहरे बघतो. तिसऱ्या रांगेत भुवई वर गेली की मी थांबतो, उलटं जाऊन पुन्हा सांगतो. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ थांबत नाही. मुलं तर तो दीडपट वेगाने बघतात. ऑनलाइन वर्गातलं सोळा वर्षांचं मूल ऑफिस अवर्सला जवळजवळ कधीच येत नाही, कारण प्राध्यापकाकडे जाऊन “मला कळलं नाही” म्हणायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. सहाव्या आठवड्यात एक ईमेल येते, बिननावाची, विषयाची ओळ रिकामी : मी पास होऊ शकतो का?

नोव्हेंबर २०२५ मध्ये यूसी सॅन डिएगोच्या एका कार्यगटाचा अहवाल आला, तो गणिताच्या सगळ्या शिक्षकांनी एकमेकांना पाठवला. नवीन विद्यार्थ्यांपैकी ज्यांचं गणित हायस्कूलच्या पातळीच्याही खाली आहे त्यांची संख्या २०२० ते २०२५ मध्ये जवळपास ३० पट झाली. त्याला कोविड, फुगवलेल्या ग्रेड्स, सॅट ही प्रवेशपरीक्षा रद्द होणं अशी अनेक कारणं आहेत, सगळं खापर ऑनलाइन कोर्सवर फोडत नाही. पण हायस्कूलच्या गणितात सरळ ए मिळवलेली मुलंही त्यात बरीच होती. कागदावरची ग्रेड आणि डोक्यातलं गणित यांची फारकत किती झालीय ते त्यावरून कळावं.

घाटावरचा

खडूफळा सर, आदर ठेवून असहमत. हे सगळं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. आमच्यासारखे ग्रीन कार्डच्या रांगेत बसलेले लोक वेगळा हिशेब करतात. मुलगा एच-४ वर आहे, म्हणजे माझ्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. २१ पूर्ण झाली की तो माझा अवलंबित राहत नाही, त्याला स्वतःचा व्हिसा बघावा लागतो. रांग हलायची चिन्हं नाहीत. अशा घरात दोन वर्षं वाचली आणि विसाव्या वर्षी पदवी हातात आली तर त्याची किंमत काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. मुलाला चेन रूल उलटा वाचता येतो की नाही याने यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) फरक पडत नाही.

आणि ऑनलाइनच का? कारण आमच्या घरी एकच गाडी आहे आणि बायकोला काम करायची परवानगी नाही, सोळाव्या वर्षी मुलाला कॉलेजात कोण सोडणार-आणणार? बसने दोन बदलून जायला सव्वा तास.

चिंचगुळ

+१ घाटावरचा. हा कोन धाग्यात यायलाच हवा होता.

मोरपीस

@घाटावरचा, हे खरंच महत्त्वाचं आहे, आणि अशा वेळी घाई करणाऱ्याला नावं ठेवायचा कोणालाच अधिकार नाही. एकच विचारते : ९० क्रेडिट्स झाली की चार वर्षांची पदवी दोनात होते, हे गृहीत धरलंय का? मुलाला काय करायचंय?

घाटावरचा

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग.

खडूफळा

मग एवढं ऐका, भांडणासाठी नाही, उपयोगाचं म्हणून. इंजिनिअरिंगची पदवी क्रेडिट्सच्या बेरजेने लवकर होत नाही, साखळीने होते. कॅल्क्युलसचे तीन-चार कोर्स एकामागून एक, भौतिकशास्त्राचे तीन, त्यांना कॅल्क्युलसची अट, मग सर्किट्स, त्याला भौतिकशास्त्राची अट. मुलाने ९० क्रेडिट्समध्ये मानसशास्त्र, कम्युनिकेशन, चित्रपट रसग्रहण आणि पोषणशास्त्र असं ऑनलाइन सोपं-सोपं गोळा केलं, तर विद्यापीठ ती क्रेडिट्स स्वीकारेल, ‘ऐच्छिक’ म्हणून खतावेल आणि त्यानंतर साखळी पहिल्या कडीपासून सुरू होईल. चार नाही तरी साडेतीन वर्षं लागतातच. शिवाय असोसिएट डिग्री असली म्हणजे कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या विभागात जागा मिळते असंही नाही. विद्यापीठात प्रवेश आणि त्या विभागात प्रवेश या दोन वेगळ्या रांगा आहेत.

तुमची घाई खरी असेल तर मुलाला फक्त गणित, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगची साखळी घ्यायला लावा. त्यातही भौतिकशास्त्र वर्गात. बसने सव्वा तास गेला तरी.

घाटावरचा

हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं. काउन्सेलरनेही नाही. विचार करतो.

अनुस्वार

डॉक्टर व्हायची स्वप्नं असलेल्या मुलांच्या पालकांनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. मेडिकलला अर्ज करताना एएमसीएएसमध्ये (मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जात) कॉलेजचा प्रत्येक कोर्स द्यावा लागतो. हायस्कूलमध्ये असताना केलेलाही. त्याची ग्रेड मेडिकलच्या जीपीएमध्ये मोजली जाते. लॉ स्कूलचंही तसंच. म्हणजे सोळाव्या वर्षी, कंटाळून, पासवर्ड विसरून, ऑनलाइन रसायनशास्त्रात मिळालेला सी बाविसाव्या वर्षी अर्जात दिसतो. एपीत (हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, शेवटी १ ते ५ गुणांची बाहेरची परीक्षा) हा धोका नाही : परीक्षेत २ गुण आले तर विद्यापीठाला कळवायचेच नाहीत, प्रश्न मिटला. रनिंग स्टार्टच्या ग्रेडला असा परतीचा रस्ता नाही.

शिवाय प्रयोगशाळा. ऑनलाइन लॅब म्हणजे एक तर खोक्यातून आलेलं किट किंवा स्क्रीनवरचं सिम्युलेशन. सिम्युलेशनमध्ये ब्युरेट कधी गळत नाही, इंडिकेटरचा थेंब कधी जास्त पडत नाही. काही मेडिकल कॉलेजं ऑनलाइन लॅब मानतच नाहीत, त्यामुळे कोर्स घेण्याआधी त्यांच्या अटी वाचाव्यात.

वाळवंटी_कोकणी

फिनिक्सहून. मुलाला एडीएचडी आहे. हायस्कूलमध्ये ५०४ प्लॅन (अशा मुलांसाठीच्या सवलतींची योजना) होता : परीक्षेला जास्त वेळ, मधे विश्रांती, शांत खोली. कॉलेजचा कोर्स घेतला तेव्हा मला वाटलं तो प्लॅन आपोआप लागू होईल. होत नाही. कॉलेजात मुलाने स्वतः अपंगत्व सेवा कार्यालयात नोंदणी करायची, कागदपत्रं द्यायची आणि प्रत्येक क्वार्टर-सेमिस्टरला प्रत्येक प्राध्यापकाला पत्र पोचवायचं. ज्याला मुळात कामं वेळेत लक्षात ठेवायला जमत नाहीत त्याच्यावरच हे काम!

आणि मी आई असून फोन केला तर उत्तर मिळतं : “विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय आम्ही बोलू शकत नाही.” फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा. मूल कॉलेजात दाखल झालं की त्या कॉलेजमधल्या नोंदींचा हक्क मुलाकडे जातो, वय सोळा का असेना. हायस्कूलचं पोर्टल दिवसातून चार वेळा बघायची सवय असलेल्या आपल्यासारख्या आयांना हा मोठा धक्का असतो. (काही जणींसाठी औषधही असावं, पण तो वेगळा धागा.)

पुणेरी_खवचट

अवांतर म्हणा हवं तर. पुण्यात ‘इंटिग्रेटेड’ नावाखाली आम्ही हे दुसऱ्या टोकाने केलंय. अकरावी-बारावीचं कॉलेज कागदावर, मूल दिवसभर जेईई-नीटच्या क्लासात. प्रॅक्टिकलच्या जर्नल एका रात्रीत उतरवून तयार. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तर चर्चा मुलं वर्गात का बसत नाहीत याची नाही, अंगठ्याचं मशीन कोण विकत घेणार याची. तुमच्याकडे निदान मूल कॉलेज करतं म्हणून कॉलेजचं क्रेडिट मिळतं. आमच्याकडे न जाता बारावी मिळते.

बंड्या_बोका

खवचट आजोबा, तिकडचं तिकडे. :) पण मशीनवरून आठवलं. मोरपीस यांनी जे लिहिलंय ते या देशात एकदा अगदी मोठ्या प्रमाणावर करून बघितलं होतं आणि त्याचा निकाल सगळ्यांसमोर आहे. जानेवारी २०१३. कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राउन, सॅन होझे स्टेट युनिव्हर्सिटी आणि सेबॅस्टियन थ्रन यांची ऑनलाइन कोर्सची कंपनी उडॅसिटी, यांनी मिळून जाहीर केलं : १५० डॉलरात क्रेडिटचे ऑनलाइन कोर्स. पायाचं गणित, कॉलेज अल्जिब्रा, संख्याशास्त्र. हायस्कूलच्या मुलांनाही खुले. त्या काळात मोठ्या विद्यापीठांचा आता धंदा बसणार, असं सगळीकडे छापून येत होतं.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा पास होणाऱ्यांचं प्रमाण प्रत्यक्ष वर्गातल्यापेक्षा बरंच खाली होतं. ओकलंडच्या एका चार्टर शाळेतल्या मुलांना यात घेतलं होतं, त्यातल्या काहींकडे घरी धड कॉम्प्युटर आणि इंटरनेटच नव्हतं, हे कोर्स सुरू झाल्यानंतर लक्षात आलं. जुलैत प्रयोग थांबवला. उन्हाळ्याच्या फेरीत आकडे सुधारले, पण तेव्हा बसलेल्यांत आधीच पदवी असलेले लोक भरपूर होते. म्हणजे ज्यांना शिकायचं कसं हे माहीत होतं त्यांना ऑनलाइन जमलं. थ्रन यांनी स्वतःच त्या वर्षअखेरीस आपला माल चांगला नव्हता अशी कबुली दिली. अशी कबुली देणारा कंपनीवाला विरळा, त्याबद्दल मानतो त्यांना.

दुसरा किस्सा २०२०. एजेन्युइटी नावाचा ऑनलाइन कार्यक्रम अनेक शाळांत वापरतात. त्यात छोट्या उत्तरांना मशीन गुण द्यायचं. एका मुलाच्या आईच्या लक्षात आलं की मशीन फक्त अपेक्षित शब्द शोधतंय. मग मुलाने दोन पूर्ण वाक्यं लिहून खाली संबंधित शब्दांची नुसती यादी टाकायला सुरुवात केली. पैकीच्या पैकी!

कोथिंबीर

आमच्याकडे परीक्षेचा किस्सा. मुलगी घरून कॅमेऱ्यासमोर फायनल देत होती. देखरेखीचं सॉफ्टवेअर चालू. सासूबाई भारतातून आलेल्या, त्यांनी दार उघडून “पोळ्या गार होतायत गं” असं सांगितलं. झालं. ‘खोलीत दुसरी व्यक्ती, संभाषण’ अशी लाल नोंद. संभाषण मराठीत, त्यामुळे ते पोळ्यांबद्दल होतं हे सिद्ध करायला दोन आठवडे ईमेली चालल्या. प्राध्यापिका समजूतदार निघाल्या.

अनुस्वार

@कोथिंबीर, बिचाऱ्या सासूबाई! क्लीव्हलँड स्टेटच्या प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये फेडरल न्यायाधीशाने परीक्षेआधी विद्यार्थ्याच्या खोलीचं कॅमेऱ्याने स्कॅन करणं हा चौथ्या घटनादुरुस्तीचा (सरकारी झडतीपासून संरक्षणाचा) भंग ठरवला होता. सरकारी विद्यापीठ होतं म्हणून तो मुद्दा लागू झाला. पोळ्यांवर अजून निकाल नाही.

शुगरलँडकर

सगळे ऑनलाइनवर तुटून पडलेत म्हणून विचारतो, मग एपी म्हणजे सुवर्णमध्य का? तिथेही तंत्रज्ञान आहेच. २०२० च्या मे महिन्यात ४५ मिनिटांची घरगुती परीक्षा घेतली, हाताने लिहिलेल्या उत्तरांचे फोटो चढवायचे होते आणि आयफोनचे फोटो ज्या स्वरूपात निघतात ते स्वरूपच साइट घेत नव्हती. मुलांना जूनमध्ये पुन्हा बसायला लागलं. २०२५ पासून २८ विषयांच्या परीक्षा ब्लूबुक अ‍ॅपवर गेल्या. आणि गुण? अमेरिकेच्या इतिहासात ३ किंवा जास्त मिळवणारे २०२३ मध्ये ४८ टक्क्यांच्या आसपास होते, २०२४ मध्ये ७२ टक्के. एका वर्षात मुलं एवढी हुशार झाली नाहीत, एपी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने मोजपट्टी नव्याने बसवली.

खडूफळा

@शुगरलँडकर, मोजपट्टीचा मुद्दा मान्य. तरी एपीची एक गोष्ट मला आवडते. शिकवणारा आणि तपासणारा वेगळे. वर्षभर जो शिकवतो त्याला शेवटी गुण देता येत नाहीत. ऑनलाइन ड्युअल क्रेडिटमध्ये शिकवणारी व्यवस्था, गृहपाठ, परीक्षा, सगळं एकाच ठिकाणी, आणि कॉलेजला पटसंख्या हवी असते. पटसंख्येवर पैसे मिळतात. नापासांचा आकडा वाढला की डीन बोलावतात, पास जास्त झाले तर कोणी बोलावत नाही. हे कोणाच्या वाईट हेतूने होत नाही, उतार तसा आहे.

वरची विद्यापीठंही आपापल्या परीने हात आखडता घेतात. डार्टमथने २०१८ मध्ये पदवी घेणाऱ्या बॅचपासून एपीसाठी क्रेडिट देणं थांबवलं. कॅलटेक देत नाही. एमआयटी एपीच्या कॅल्क्युलस बीसी परीक्षेतल्या ५ गुणांना पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देतं. राज्याच्या विद्यापीठांत मात्र दोन्ही चालतं, म्हणून मूल कुठे अर्ज करणार हे आधी ठरवा आणि मग कोर्स निवडा.

नुकतीच_सुटलेली

मी बहुतेक इथली सगळ्यात लहान मेंबर असेन. १९. मराठी टाइप करायला वेळ लागतो, चुका माफ करा.

मी रनिंग स्टार्ट फुल टाइम केलं, अर्ध ऑनलाइन अर्ध कॅम्पसवर. काकूंनी डिस्कशन बोर्डबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. आता तर त्याहून वाईट आहे. प्रश्न चॅटजीपीटी लिहितं असा आम्हाला डाउट, उत्तर आम्ही चॅटजीपीटीकडून आणतो, रिप्लाय पण. कोणीच काही वाचत नाही. मी खोटं नाही बोलणार, मी पण केलं, कारण सगळे करत होते आणि त्या क्लासमध्ये कोणी मला ओळखत नव्हतं.

उलटं पण झालं. माझा एक पेपर मी पूर्ण स्वतः लिहिला होता आणि डिटेक्टरने एआय म्हणून फ्लॅग केला. गूगल डॉकची व्हर्जन हिस्टरी दाखवली म्हणून वाचले. मैत्रिणीने दाखवली नव्हती, तिला झीरो.

पण कॅम्पसवरचं इंग्लिश १०१ मी कधी विसरणार नाही. माझ्या टेबलवर एक आजोबा होते, बोइंगमधून रिटायर झालेले, आणि एक नर्सिंगला जाणारी आई, तिचं बाळ कधीकधी क्लासला यायचं. पीअर रिव्ह्यूमध्ये आजोबांनी माझ्या निबंधावर लिहिलं की तिसऱ्या पॅराग्राफमध्ये तू घाबरून गोल गोल बोलतेयस, जे म्हणायचंय ते म्हण. हायस्कूलमध्ये मला असं कोणी सांगितलं नव्हतं. ऑनलाइन तर शक्यच नव्हतं.

एकच वाईट वाटतं. माझ्या हायस्कूलच्या मैत्रिणी सुटल्या. ऑर्केस्ट्रा चौथ्या पीरियडला होता आणि माझा क्लास त्याच वेळी कॅम्पसवर. स्प्रिंग ब्रेक पण वेगळा. प्रॉमला गेले तेव्हा अर्ध्या लोकांना वाटलं मी शाळा सोडली.

वाळवंटी_कोकणी

बाळा, छान लिहिलंयस. चुका कुठेच नाहीत.

अनुस्वार

@नुकतीच_सुटलेली, डिटेक्टरच्या बाबतीत तू एकटी नाहीस. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या टोफेल निबंधांपैकी निम्म्याहून जास्त निबंध या डिटेक्टरांनी चुकून एआयचे ठरवले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन कंपनीचा डिटेक्टर बंद केला. व्हर्जन हिस्टरीची सवय सगळ्या मुलांना लावा.

शुगरलँडकर

सुटलेलीचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं हललं. तरी एक सांगतो : सगळ्यांच्या गावात असं कॅम्पस नसतं. वेस्ट टेक्ससमधल्या छोट्या गावात, जिथे हायस्कूलला फिजिक्सचा शिक्षकच नाही, तिथे ऑनलाइन कोर्स हा चांगल्या वर्गाला पर्याय नाही, काहीच नसण्याला पर्याय आहे. सिअ‍ॅटल-डॅलसच्या उपनगरांतून त्याला नाक मुरडू नये.

खडूफळा

पूर्ण मान्य. तिथे मी एवढंच मागेन की शाळेतला एक मोठा माणूस त्या तासाला त्या मुलांबरोबर खोलीत बसावा. विषय येत नसला तरी चालेल. मूल अडकलंय हे त्याला दिसेल.

मोरपीस

मजा आली सगळ्यांचं वाचून. आमच्यापुरतं सांगते. काल लेकीशी बसून ठरवलं : अकरावीत दोनच कोर्स कॉलेजचे, दोन्ही कॅम्पसवर, इंग्रजी १०१ आणि संख्याशास्त्र. बाकी हायस्कूल. ऑर्केस्ट्रा राहणार. उन्हाळी आठ आठवडेवालं काही नाही. नवऱ्याचं म्हणणं ऑनलाइन एक तरी घ्यावा, पुढे विद्यापीठात घ्यावे लागतातच, सवय असावी. तो वाद चालू आहे.

@खडूफळा, एक शंका. गणिताची प्लेसमेंट टेस्ट घरून दिली तर चालते असं कॉलेज म्हणतंय. द्यावी का? मैत्रिणीचा मुलगा घरून देऊन थेट कॅल्क्युलसला बसला.

खडूफळा

कॉलेजच्या टेस्टिंग सेंटरला जाऊन द्या, कॅल्क्युलेटर त्यांनी दिला तरच वापरायचा. घरून देताना मुलं फोन बाजूला ठेवत नाहीत आणि आईबाप पाण्याचा ग्लास घेऊन मागे उभे राहतात. दोन पायऱ्या वर बसलेलं मूल तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे येतं, तोवर फीशिवाय कोर्स सोडायची मुदत संपलेली असते आणि ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (कोर्स मधेच सोडल्याची खूण) लागतो. आणि नवऱ्याला सांगा, ऑनलाइनची सवय लावायचीच असेल तर पोषणशास्त्र घ्या. गणित नको.

कोथिंबीर

पोषणशास्त्रात पोळ्या येतात का?